येजो की येजा?

आमच्या अमरावतीच्या स्टुडिओत गाण्यांपेक्षा गाण्यांमागची माणसंच जास्त जमा झाली आहेत. गाणं चाललं की आठवडाभरात कुणीतरी दारात हजर! "ते गानं माह्यावर हाये," म्हणून. मी तिथं कीबोर्ड वाजवतो, म्हणजे या सगळ्यांना चहा सांगणं माझ्याकडे.

आमच्या ढोलकीवाल्या सुधाकरनं 'निळी स्कूटी' लिहिलं, तेव्हा तीन निळ्या स्कूटीवाल्या भांडायला आल्या. तिसरीची तक्रार वेगळीच होती. "त्या दोघी कावून आल्या? गानं तं माह्यावर हाये!"

घरी सुधाकरची बायको दोन दिवस बोलली नाही. शेवटी त्यानं कबूल केलं, "अवं, तूच हायेस ते!"

"माही स्कूटी राखाडी होती!"

"राखाडीले यमक काय लावू? माकडी?"

पुढचे चार दिवसही ती बोलली नाही.

पण गफूरभाईंच्या 'येजो' गाण्यापुढे हे सगळं किरकोळ. गफूरभाई अकोल्याचे, शाळेचे गणवेश शिवतात. गाणं सुचलं की चिठ्ठी खिशात घालून एसटीनं येतात. तरुणपणी कापड पोचवायला ते दर्यापूरला गेले होते. परतीच्या जीपला वेळ होता, म्हणून स्टँडवर एका फुलवालीशी बोलत बसले. जीप सुटता सुटता ती म्हणाली, "येजो."

झालं एवढंच! पण आमच्याकडे निरोप देताना, 'पुन्हा ये' अशा अर्थानं, एकट्या, जवळच्या माणसाला 'येजो' म्हणतात आणि पुष्कळांना किंवा परक्याला मान देऊन 'येजा'. जीपमध्ये अकरा जण होते, इंजिन चालू होतं. ती 'जो' म्हणाली की 'जा', हे गफूरभाईंना कधीच नक्की कळलं नव्हतं. त्यावरच गाणं: 'मलेच मनलं का साऱ्याइले?' एका मात्रेवर माणूस चाळीस वर्षं काढतो! मला तर हात जोडावेसे वाटले.

"मग पुन्हा गेले कावून नाही?" मी विचारलं.

"अन् 'जा' निघालं असतं तं?"

त्यांच्या बेगमला सगळं माहीत होतं. ती होती तोवर म्हणायची, "एक दफा जाके पूछ तो लो!" पण ते गेले नाहीत.

रेकॉर्डिंगला पुण्याहून शिकून आलेली एक गायिका होती. तिनं गोड आवाजात 'येशील' गायलं. गफूरभाईंनी हात वर करून सगळं थांबवलं.

"बाई, येशील मनलं तं मानूस घड्याळ पायते. येजो मनलं तं वाट पायते!"

तिनं वहीत लिहून घेतलं. नंतर गायली ती अशी, की माझी बोटं पट्टीवरच राहून गेली.

गाणं गावोगाव वाजलं. नांदगाव खंडेश्वरहून एक बाई आल्या, चांदूर रेल्वेहून दोन. गफूरभाई प्रत्येकीला आदरानं 'नाही' म्हणाले. मग दर्यापूरचे एक आजोबा आले.

"ते जीप मी चालवत होतो!"

गफूरभाई ताडकन उठले. "मंग तुमी आयकलं असन! जो मनलं का जा?"

"मी तं हॉर्न वाजवत होतो!"

गफूरभाई मटकन खाली बसले. पण आजोबा पुढे म्हणाले, "फुलवाली नं? सुमनबाई. हाये की ते."

पंधरा दिवसांनी सुमनबाई सुनेला घेऊन आल्या. पांढरे केस, पिशवीत झेंडू. स्टुडिओचे मालक बबलूभाऊंनी गाणं लावलं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. गफूरभाई भिंतीला टेकून उभे होते. शेवटी बबलूभाऊंनीच विचारलं, "मावशी, काही आठवते का?"

"लय लोकं येत, लय जात, बाप्पा. कोन्या कोन्याले ध्यानात ठेवू?"

गफूरभाईंचा चेहरा एवढासा झाला. मला तर गाणं बंद करावंसं वाटलं.

चहा झाला, सगळ्यांना एकेक झेंडू मिळाला. दारात चपला घालताना सुमनबाई आमच्याकडे वळून म्हणाल्या, "दर्यापूरले आले का घरी येजा बरं, सारे जन."

मग पदर सारखा करून त्यांनी गफूरभाईंकडे पाहिलं.

"येजो."

आणि सुनेचा हात धरून पायऱ्या उतरल्या.

बबलूभाऊंनी रेकॉर्डिंगच्या सवयीनं पंखासुद्धा बंद ठेवला होता. हातात झेंडू धरून गफूरभाई एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते.

"आयकलं नं? तुमी साऱ्याइनं आयकलं नं?"