नानांची मिशी आणि सुभानजींचं झाड

वंशावळ गोळा करायला जो निघतो, त्याच्या हाती नावं कमी आणि किस्से जास्त लागतात. मी दोनशे पानी वही घेतली होती. उजव्या पानावर नावं लिहायची, डाव्या पानावर आलं-गेलं, असं ठरवलं. वर्षभरात डावी पानं संपली आणि उजवी निम्मी कोरी राहिली. नसरापूरला माझ्या दुकानात कुणी चहाला टेकलं की अजून त्या डाव्या पानांचीच मागणी असते.

दुकान फ्लेक्सचं आहे. वाढदिवस, दहावा, पुढाऱ्याचं स्वागत, सगळं छापतो. वडील गेल्यावर वारस नोंदीला गेलो, तर तिथल्या क्लार्कनं वंशावळीचा कागद पुढं सरकवला. आजोबा लिहिले, पणजोबा लिहिले, आणि वर एक चौकट उरली.

"खापरपणजोबा कोण?" क्लार्क म्हणाला.

"ठाऊक नाही."

"अख्ख्या तालुक्याची तोंडं छापता आणि स्वतःचा खापरपणजोबा ठाऊक नाही?"

माझं डोकं तसं लवकर तापतं. म्हणालो, "महिन्याभरात आणतो. येताना तुमचाही आणू का?" त्यानं मान खाली घातली आणि शिक्का शोधायला लागला.

* * *

खापरपणजोबांचं नाव सांगेल असं आमच्या भावकीत एकच माणूस उरलं होतं, सोनाआजी. माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. नव्वदीच्या पुढची, कामथडीला लेकीकडं असते. कान शाबूत, दात शाबूत, जीभ तर विचारूच नका.

"आजी, तुमच्या आजेसासऱ्यांचं नाव काय?"

"आगं बया. थोरल्या मामंजींचं नाव म्या घिऊ व्हय?"

आता आली का पंचाईत! म्हटलं, मी नावं घेतो, तुम्ही नुसती मान हलवा. मग शुभेच्छुकांची यादी वाचावी तसा मी सुरू झालो. राणोजी, बहिर्जी, धोंडजी, सटवाजी, हैबती. आजी केळं खात होती आणि नाही नाही करत होती. चाळीस नावं झाली. माझा घसा बसला, तिचं दुसरं केळं झालं.

शेवटी मी वही मिटली. तेवढ्यात तिनं विचारलं, "माजं नाव कुटं लिवलंस?"

मी शहाण्यासारखं समजावलं, की आजी, वंशावळीत बायकांची नावं नसतात. वंश पुरुषांकडून चालतो.

म्हातारी कडाडली, "मंग तुमचा सुभानजी काय आंब्याला लागला व्हता?"

दुसऱ्या क्षणाला तोंडावर हात. स्वतःच्या दोन्ही गालांत मारून घेतल्या, देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले. मला मात्र खापरपणजोबा मिळाले होते. त्या दिवसापासून आमच्या वंशावळीत प्रत्येक चौकटीत दोन नावं आहेत, आणि पहिली बाई जी लिहिली ती सोनाबाई.

* * *

आमच्याकडं एका तरी नातवाला आजोबाचं नाव द्यायची रीत. त्यामुळे झाड वाचायला घेतलं की सुभानजी, धोंडिबा, सुभानजी, धोंडिबा, असं लेझीम चालतं.

मी भावकीच्या ग्रुपवर पहिली यादी टाकली. पणजोबांच्या नावामागं नियमाप्रमाणे 'कै.' लावलं, कै. धोंडिबा. आता एक धोंडिबा धनकवडीला रिक्षा चालवतो, चांगला धडधाकट. यादी उघडून बघायला वेळ कुणाला आहे? पहिल्यानं हात जोडले, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' मग रांगच लागली. कुणी फूल टाकलं, कुणी पणती, एकानं तर 'शेवटची भेट राहून गेली' असं लिहिलं.

दुपारी धोंडिबानं रिक्षा बाजूला लावून मेसेज वाचले आणि उत्तर दिलं, "सर्वांचा आभारी आहे. दहाव्याला कोण कोण येणार ते आजच कळवा, मी स्वतः न्यायला येतो. भाडं मीटरप्रमाणे."

* * *

आता नाना. माझे चुलत चुलते, गावात राहणाऱ्या भावकीत सगळ्यात वडील, वय ऐंशी. आंबवड्याच्या पुढं डोंगराच्या अंगाला आमचं गाव आहे, तिथं भैरोबाच्या देवळात रोज दिवा लावणार ते नाना. त्यांच्या मिशीला तेल लागतं, आमच्या भाजीला तेवढं लागत नाही. ती आयुष्यात दोनदाच उतरली. एकदा त्यांचे वडील गेले तेव्हा, एकदा थोरले भाऊ गेले तेव्हा. आमच्यात सुतकाच्या दहाव्याला डोकं आणि मिशी काढतात, पण थोरल्या माणसासाठीच. धाकट्यासाठी मिशीला हात लावायचा नाही. दहावा झाला तरी सुतक तेराव्यापर्यंत असतं.

नानांच्या देव्हाऱ्यात लाल फडक्यात एक मोडी कागद होता. पिढ्यान् पिढ्या त्याला हळदकुंकू. किल्ल्याच्या पहाऱ्याबद्दल मिळालेली सनद आहे, असं सगळे सांगत. पुण्याच्या विलासनं, म्हणजे माझ्या चुलत भावानं, त्या जोरावर गाडीच्या काचेवर दोन तलवारी चिकटवल्या होत्या.

मी कागद भोरला एका मोडी वाचणाऱ्या गुरुजींकडं नेला. नाना आणि विलास बरोबर होते. गुरुजींनी भिंग लावलं, दोनदा वाचलं, मग चष्मा पुसला. "सुभानजीची म्हैस शेजाऱ्याच्या भातात शिरली, अशी तक्रार आहे. फिरून शिरली तर म्हैस जप्त होईल, अशी ताकीद दिलेली आहे."

विलासचं तोंड बघण्यासारखं झालं. गुरुजींनाच वाईट वाटलं. नानांनी शांतपणे कागदाची घडी घातली, मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "म्हस सोताची व्हती ना?"

"हो, तसं दिसतंय."

"मंग झालं तर." आणि कागद परत लाल फडक्यात गेला.

विलासला मी म्हटलं, तलवारी काढ, म्हशीचं स्टिकर फुकट छापून देतो. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

* * *

यात्रेत देवळापुढं वंशावळीचा मोठा फ्लेक्स लावायचा ठरला. कुठून तरी कळलं आणि उपसरपंच दुकानात हजर. तेही आमच्याच भावकीतले, पाचव्या ओळीत उजवीकडून तिसरे.

"आपला फोटो वर घे," म्हणाले.

"वर सुभानजी आहेत."

"मंग त्यांच्या शेजारी घे. त्यांचा फोटो कुटं हाय तसा बी?"

अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी खाली एक पट्टी टाकली, 'वंशावळीस हार्दिक शुभेच्छा', आणि शेजारी त्यांचा हात जोडलेला फोटो. स्वतःच्या खापरपणजोबाला शुभेच्छा देणारा पंचक्रोशीतला हा एकमेव माणूस असेल.

* * *

एवढं सगळं निभावलं, पण झाडाची एक अख्खी फांदी रिकामी होती. आणि ती रिकामी असेपर्यंत मला झोप गोड लागणार नव्हती.

सुभानजींना दोन मुलगे. एकाचे आम्ही आणि नाना. दुसऱ्याचे तात्या, नानांचे चुलत भाऊ, जे वेल्ह्याकडं राहायला गेले. दोघं लहानपणी एका ताटात जेवलेले. चाळीसेक वर्षांपूर्वी यात्रेत पहिला नारळ कुणी फोडायचा यावरून दोघांची जुंपली. मान थोरल्या पातीचा, म्हणजे सुभानजींच्या थोरल्या मुलाच्या घराचा, आणि दोघंही म्हणत होते, आमची पाती थोरली. ओढाओढीत नारळ पायऱ्यांवरून घरंगळत खाली गेला. मग दोघांनी भैरोबासमोर सांगितलं, "आजपास्नं सुतक तुटलं." म्हणजे तुमच्यात कुणी मेलं तरी आम्ही विटाळ पाळणार नाही, मिशी काढणार नाही, देवळात जायचं थांबणार नाही. नातं तुटल्याचा याहून मोठा शिक्का आमच्याकडं नाही.

मी नानांना विचारलं, तात्यांची नावं टाकू का? ते म्हणाले, "टाक की. पर त्याचं नाव फ्लेक्सवर दिसलं तर म्या देवळाची पायरी चढणार न्हाई."

तरी मी दुकानासमोरूनच एसटी धरून वेल्ह्याला गेलो. तात्यांनी ओळखलं, पाणी दिलं, चहा दिला. नावं विचारली तर म्हणाले, "आमी न्हाई तुमच्या झाडावर. नानाला सांग तसं."

मी उठलो. दारापर्यंत आलो, तर मागून आवाज आला, "मिशी हाय का रं त्याची आजून?"

"आहे की. तेल लावून."

तात्या हसले. "ऱ्हाऊ दे. म्या हाय तवर ऱ्हाईल."

मला वाटलं, म्हातारा भांडणाचंच बोलतोय. चार दिवसांनी त्यांच्या सुनेनं सगळी चौदा नावं मोबाईलवर पाठवली, खाली लिहिलं, 'मामंजींना सांगू नका.' मीही ठरवून टाकलं, की नावं छापायची. नाना चिडले तर चिडले. झाड काय माझ्या बापाचं आहे, मन मानेल तशी फांदी तोडायला?

* * *

यात्रा दहा दिवसांवर आली आणि तात्यांच्या मुलाचा फोन आला. "तात्या गेले. तुमाला सुतक न्हाई, नुसतं कळवलं."

मी गावी जाऊन नानांना सांगितलं. ते म्हशीपुढं पेंढा टाकत होते.

"बरं," म्हणाले आणि पेंढा टाकत राहिले. म्हैस मागं सरली तरी टाकत राहिले.

मला राग आला. दुकानात येऊन मी तात्यांच्या नावामागं 'कै.' लावलं आणि फ्लेक्स छापायला सोडला. नंतरचे दिवस नाना देवळाकडं फिरकलेच नाहीत. दिवा शेजारची सून लावायची. यात्रेच्या बैठकीलाही आले नाहीत. मी समजलो, त्यांना फ्लेक्सचं कळलंय आणि ते रुसलेत. रुसू देत.

यात्रेच्या आदल्या दिवशी ते माझ्या दुकानासमोर एसटीतून उतरताना दिसले. चैत्राचं ऊन रणरणतंय आणि यांच्या तोंडाला मफलर, डोक्यावर टोपी कानापर्यंत ओढलेली.

"काय झालं नाना?"

"दाढ काडली," मफलरमधूनच म्हणाले आणि आमच्या गावाकडं जाणाऱ्या टेम्पोत बसले. गावाजवळचं भोर सोडून दाढ काढायला नसरापूरला कशाला आले, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी दोरी आणि खिळे मोजत होतो.

सकाळी देवळापाशी सगळी भावकी जमली. सोनाआजी कामथडीहून आली, विलास तलवारींसकट आला, धोंडिबा रिक्षा घेऊन आला. फ्लेक्स गुंडाळलेला होता. तो नानांच्या हातून उघडायचा आणि मग त्यांनीच पहिला नारळ फोडायचा, असं ठरलेलं. मी पायऱ्यांवर सगळ्यात वर उभा होतो, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात दोरी. मागं हटणार नव्हतो.

नाना आले. मफलर तसाच. पहिल्या पायरीशी थांबले, वर येईनात.

मला वाटलं, आता जे काय व्हायचं ते होऊन जाऊ दे. मी दोरी ओढली. फ्लेक्स उलगडला, आणि डाव्या बाजूला तात्यांची अख्खी फांदी, चौदाच्या चौदा नावांसकट, उन्हात आली.

"नाना, नाव टाकलंय मी त्यांचं," मी वरूनच म्हणालो. "रागवायचं तर रागवा. पण वर या. नारळ तुमचा आहे."

नानांनी फ्लेक्सकडं बघितलं. तात्यांचं नाव बोटानं शोधलं, खालूनच. मग टोपी काढली. डोकं गुळगुळीत होतं. मग मफलर खाली ओढला. ओठांवर काही नव्हतं, नुसती पांढरी फटक कातडी.

"म्या न्हाई येत वर," ते म्हणाले. "सुतक हाय मला."

मी नारळ घेऊन तसाच उभा होतो. त्यांनी माझ्याकडं मान वर करून बघितलं.

"आन् तू काय उबा ऱ्हायलास तितं? उतर खाली. तुला बी हाय."