हमीदभाईची दोन सीटांची गाडी

पाचवीच्या वर्गात भूगोल चालू होता. गावातल्या कापसाच्या जिनिंगमधला एक कामगार दाराशी येऊन उभा राहिला, मुंडासं काढून हातात घेतलेलं. "मास्तर, हमीदभाई गेले," तो म्हणाला. मी हातातला खडू तसाच धरून विचारलं, "कुठं? नरसीला का?" हमीद नेहमी कुठंतरी गेलेलाच असायचा, म्हणून माझ्या तोंडून तेच निघालं. तो माणूस खाली बघत राहिला, तेव्हा मला कळलं. तीन दिवस हमीदच्या अंगात ताप होता. चौथ्या दिवशी सकाळी कामावर जायचं म्हणून तो अंगणात उठून उभा राहिला, भिंतीला हात टेकून खाली बसला, आणि मग उठलाच नाही... याला आता पाच आठवडे झाले. तेव्हापासून माझं चित्त एका जागी ठरत नाही. लिहायला बसतो, उठतो, दारापर्यंत जाऊन येतो. हा मजकूरही चार बैठकांत लिहितो आहे.

हिंगोली-सेनगाव भागातल्या पुष्कळ वाचकांनी त्याची गाडी पाहिली असेल, काहींच्या घरच्या बायका तिच्यातून गेल्याही असतील. पण ती गाडी आधी कशी होती, हे फार थोड्यांना माहीत आहे. चौदा वर्षांपूर्वी आमच्या जिनिंगचा मॅनेजर एक गोरा साहेब होता. त्याच्याकडे ही विलायती शर्यतीची गाडी होती. दोनच माणसं मावतील एवढी, आणि मागचा भाग होडीसारखा निमुळता. शिरड शहापूरच्या रस्त्यावर साहेबानं ती नाल्यात घातली आणि पुढे वर्षभर ती जिनिंगच्या भिंतीशी पडून राहिली, आत कोंबड्या अंडी घालायच्या. मायदेशी परत जाताना साहेब तिथल्या फिटरला, म्हणजे हमीदला, म्हणाला की ही तू घेऊन जा. आमची ओळख तोवर नुसती रामराम-सलामाची. तो थेट माझ्या घरी आला. "मास्तर, पुसेगावची तुमची बैलजोडी एक दिवस देता का?" मी म्हटलं, ओझं काय आहे? तर म्हणाला, "हवेपेक्षा जोरात पळणारी चीज हाय." बैलांमागे ती चीज बाजारातून निघाली तेव्हा लोक दुकानांतून बाहेर येऊन हसत होते. हमीद स्टिअरिंगवर बसून डाव्या-उजव्या बाजूला सगळ्यांना सलाम करत होता.

त्याचे वडील-आजोबा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवणारे लोहार. लोखंड त्याच्या हातात लहानपणापासून, पण गाडीबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं आणि हमीदला उर्दूखेरीज काही वाचता येत नव्हतं. म्हणून शाळा सुटली की मी त्याच्या अंगणात जाऊन बसायचो. मी एक ओळ इंग्रजी वाचून तिचं जमेल तसं मराठी करायचो. तो डोळे मिटून ऐकायचा, बोटांनी हवेत काहीतरी फिरवायचा आणि म्हणायचा, "थांबा, परत सांगा." एका ठिकाणी लिहिलं होतं की हा भाग मोडल्यास दुरुस्त होत नाही, कारखान्याकडे पाठवावा. हमीद म्हणाला, "पुस्तकाला हिंगोली ठाऊक न्हाई." तो भाग त्यानं महिनाभरानं स्वतः घडवला. आतला लाकडी सांगाडा कुजला होता, तो त्यानं सागाचा केला. पत्रा ठोकून ठोकून पहिल्या आकारात आणला. जे इथं होणारच नाही ते मुंबईहून रेल्वेच्या पार्सलनं यायचं, आणि पूर्णेहून येणाऱ्या गाडीची वेळ झाली की हमीद उगाचच स्टेशनात फेऱ्या मारायचा.

अडीच वर्षांनी गाडी सुरू झाली. पहिल्या फेरीला मी शेजारी बसलो. नरसीच्या रस्त्यावर माझी टोपी उडाली, ती शेवटपर्यंत सापडली नाही. मला वाटलं, संपलं काम. पण परत येताच हमीदनं चाकं उतरवली. या गाडीला ब्रेक फक्त मागच्या चाकांना होते; त्यानं एका मोडीतल्या लॉरीचे भाग आणून पुढच्या चाकांनाही बसवले. मग दिवे बदलले, मग रेडिएटर मोठा केला. त्याची बायको झुलेखाभाभी परातीत ज्वारीचं पीठ मळता मळता म्हणायची, "या गाडीनं माझ्याहून जास्त नवे कपडे नेसले." मी कधी विचारलं, "झाली का रे आता?" तर तो चिडायचा. "झाली म्हणू नका, मास्तर. झाली म्हटलं की हात थांबतात." त्याचे हात खरंच थांबत नसत. माझ्या घरी चहाला आला तरी दाराची कडी काढून बघायचा.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं आणि गाडी बरीचशी उभी राहू लागली. त्याच सुमाराला, लग्नाला नऊ वर्षं होऊन गेल्यावर, माझ्या बायकोला, गोदाला, दिवस गेले. पोर आडवं आहे, अडचण झाली तर वाशीमच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यावं लागेल, असं सुईणीनं आधीच सांगून ठेवलं होतं. हमीदनं पेट्रोलचा एक डबा फक्त त्यासाठी बाजूला ठेवला आणि म्हणाला, "वहिनीला मी पोचवतो. तुमी फिकर करू नका." मी केली नाही.

सांगितलेल्या दिवसाच्या पंधरा दिवस आधी, सकाळीच गोदाला कळा सुरू झाल्या. मी धावत हमीदच्या घरी गेलो. अंगणात खाटेवर चादर अंथरलेली, आणि तिच्यावर गाडीचं इंजिन सुटं करून मांडलेलं होतं. गाडी आणखी जोरात पळावी म्हणून त्यानं इंजिनचं हेड घासायला काढलं होतं. मला बघून तो उभा राहिला. हात काळे, तोंडावर रक्त नाही. "परवापर्यंत बसवणार होतो..." एवढंच तो बोलला. आम्ही बैलगाडी जुंपली. कानेरगाव यायच्या आधीच, रस्त्याच्या कडेला एका लिंबाखाली, गोदा बाळंत झाली. मुलगी होती. ती रडली नाही.

गोदा वाचली. तिसऱ्या दिवशी हमीद माझ्या ओसरीवर आला, पायरीखाली उभा राहिला. मी त्याला वर ये म्हटलं नाही. मी म्हणालो, "तुझ्या हातांना गप्प बसता येत नाही. त्या हातांनी माझं लेकरू खाल्लं." तो ऐकून घेऊन गेला. ते वाक्य मी पुढे कधी परत घेतलं नाही. 

अडीच वर्षं आम्ही बोललो नाही. मी शाळेचा रस्ता बदलला. त्यानं काय केलं ते मला गोदानं सांगितलं; ती बाजारातून येताना पाहून आली होती. गाडीचा तो निमुळता, होडीसारखा मागचा भाग, ज्याच्या पत्र्यावर त्यानं सहा महिने हातोडी चालवली होती, तो त्यानं करवतीनं कापून टाकला होता. त्या जागी लांब फळी बसवली, खाली लॉरीच्या पातळ स्प्रिंगा, वर गादी आणि कापडी छप्पर. "एक माणूस निजून जाईल आन् एक जवळ बसंल, असं केलंय," गोदा म्हणाली. मी म्हणालो, "करू दे."  पुढे कानावर येऊ लागलं की नरसीहून एक बाई नेली, शिरड शहापूरहून एक नेली, पुसेगावला आमच्याच भावकीतली नेली. इंजिन उघडायचं तर तो आता कोणी अडलेलं नाही ना, याची चार गावांत चौकशी करून उघडायचा, आणि त्याच दिवशी परत जुळवायचा.

गोदाला पुन्हा दिवस गेले, तेव्हा मी महिनाभर आधीच तिला वाशीमला खोली घेऊन ठेवायचं ठरवलं. निघायच्या दिवशी मी बैलगाडी सांगितली होती. सकाळी दाराशी हॉर्न वाजला. गोदानं परस्पर निरोप धाडला होता.

"मी ह्या गाडीत जाणार," ती म्हणाली.

"गोदा, त्या दिवशी..."

"त्या दिवशी मी होते तिथं. तुमी नुसते बैल हाकत होता. मला जे विसरायचं ते मी विसरले, जे ठेवायचं ते ठेवलंय. तुमाला यायचं तर या."

हमीद खाली मान घालून बॉनेट पुसत होता. मी गोदाच्या पायाशी फळीवर बसलो. वाशीमपर्यंत प्रत्येक खड्ड्याला तो गाडी अशी उतरवत होता की गोदाला झोप लागली. महिन्यानं मुलगा झाला. बघायला आला तेव्हा हमीदनं त्याला हातात घेतलं नाही. लांबून वाकून बघितलं आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "चहा घे." आणि मग आम्ही पुन्हा रोज भेटू लागलो, जणू मधली वर्षं नव्हतीच. त्यानं मला गाडी चालवायला शिकवली, मी त्याच्या मुलीला इंग्रजी. यंदाच्या वर्षी हिंदू-मुसलमानांत दंगे उसळले आणि माणसं शेजारच्या घराकडे बघायलाही भीत होती. तेव्हाही ती गाडी जात-येत राहिली. कुणाच्या घरची बाई आहे, हे त्यानं कधी विचारलं नाही.

गेल्या रविवारी दुपारी मी त्याच्या घरी गेलो. झुलेखाभाभी चुलीपाशी होत्या. मला बसवेना. उभ्याउभ्याच मी त्यांना म्हणालो, "भाभी, मी हमीदला एकदा फार वाईट बोललो होतो."

"मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी घरी येऊन सांगितलं त्यांनी. म्हणले, मास्तर बराबर बोलला."

 तेवढ्यात नरसीचा एक माणूस धापा टाकत अंगणात आला. "हमीदभाई हायेत का? पोरगी अडून राहिली. कालपासून हाल होऊन राहिले तिचे." त्याला बातमी कळली नव्हती. भाभींनी त्याला सांगितलं.  मग भाभी माझ्याकडे वळल्या, आणि गाडीवरचं गोणपाट ओढून काढलं.

मी सीटवर बसलो, तर माझा पाय क्लचला पोचेना. हमीद साडेसहा फुटाला थोडा कमी. सीट त्याच्या मापानं मागे, बोल्टांनी पक्की केलेली; मला शिकवताना तोच ती पुढे घेऊन द्यायचा. मी पाठीशी गोणपाटाची घडी लावून पाहिली, जमेना. भाभींनी पाना आणून दिला. चार बोल्ट सोडून मी सीट दोन भोकं पुढे घेतली आणि नरसीच्या माणसाला मागे बसवून निघालो. मी त्याच्यासारखी गाडी चालवत नाही, सगळे खड्डे त्या पोरीला लागले असतील. पण तिन्हीसांजेच्या आत तिला वाशीमला पोचवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाळंत झाली. दोघंही ठीक आहेत.

परत आल्यावर गाडी अंगणात लावून मी पाना मागितला. सीट होती तिथं मागे न्यावी, तशीच राहावी, असं मला वाटत होतं. भाभी दारातूनच म्हणाल्या, "काहून? उद्या पुन्हा कोणी येईल."