लाल सॉसची चव

लाँड्रीवाले मामा इस्त्रीला जितके कडक, तितकेच बोलायला गुळमुळीत. शर्टाची कॉलर अशी ताठ करतील की घालणाऱ्याची मान आपोआप वर व्हावी. पण मनातलं एखादं वाक्य बायकोसमोर बोलायची वेळ आली की यांचा घसा बसलाच म्हणून समजा. अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणायची. मामी मात्र फारशा कुणाला दिसत नसत, कारण त्या मागच्या खोलीत असत. पुढचं दुकान, इस्त्री आणि गिऱ्हाइकं मामांची; मागचा सिमेंटचा हौद, बादल्या, ब्रश आणि डाग मामींचे. ही वाटणी कुणी बसून केली नव्हती. लग्नानंतर ती आपसूक झाली आणि तशीच राहून गेली.

चौकापलीकडच्या मोठ्या रेस्टॉरंटचे टेबलक्लॉथ आणि नॅपकिन धुवायला मामांकडेच येत. त्यात कॉफीचे डाग असत, चॉकलेटचे असत, लिपस्टिकचे असत. त्यांचं मामींना काही वाटत नसे. पण तिथल्या लाल सॉसचा डाग म्हणजे त्यांचा जन्माचा वैरी. उलट्या बाजूने गार पाणी सोडायचं, लिंबू चोळायचं, उन्हात टाकायचं, पुन्हा पाणी. एवढी मनधरणी झाली की मग स्वारी जागची हलायची. गठ्ठा पोचता केला की मॅनेजर खूश होऊन मामांना म्हणायचा, तुमच्या हातात जादू आहे बुवा. मामा हसून मान डोलवायचे. घरी येऊन मामींनाही ते सांगायचे, आणि मामी नुसतं "बरं झालं" म्हणायच्या. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. ते साधं "बरं झालं"च हल्ली मामांना टोचायला लागलं होतं.

त्यात मामींच्या बोटांना भेगा पडल्या आणि काही केल्या त्या भरेनात. डॉक्टरांनी बजावलं की सोड्याला आणि ब्लीचला हात लावायचा नाही. मग मामांनी शौर्याने ब्रश हातात घेतला, तर नाण्याएवढा डाग बशीएवढा झाला. मामींनी रबरी हातमोजे चढवले आणि त्यांना पुढे दुकानात पिटाळलं. संध्याकाळी त्या मलम लावत बसल्या की मामा वर्तमानपत्राआडून त्यांच्या बोटांकडे बघत. हे दुकान तुझ्या हातांवर उभं आहे, एवढंच त्यांना सांगायचं होतं. चार शब्दांचा तर मामला. पण तोंड उघडलं की "दूध आलं का गं?" असलंच काहीतरी बाहेर पडायचं.

शेवटी त्यांनी पळवाट काढली. मामींना त्याच रेस्टॉरंटमध्ये जेवायला न्यायचं. पांढऱ्याशुभ्र टेबलाशी त्या बसतील, दुसरं कुणीतरी त्यांना वाढेल, आणि आपल्याला बोलता येत नाही ते जेवणच बोलेल. जेवण उत्तमच असणार, याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. जो सॉस कापडाला इतका धरून राहतो, तो जिभेवर काय रेंगाळत असेल, हे मामांचं तर्कशास्त्र. आणि गंमत म्हणजे मामींनाही ते पटलं होतं. ज्याने इतकी वर्षं छळलं, त्याची चव एकदा तरी बघायलाच हवी, असं त्यांचंही मत पडलं.

ठेवणीतले कपडे घालून दोघं निघाली. मामांनी स्वतःच्या शर्टावर दोनदा इस्त्री फिरवली होती. बोलत बोलत चालताना मामांची पावलं सवयीने मागच्या बोळात वळली आणि दोघं भाज्यांच्या रिकाम्या खोक्यांमध्ये, स्वयंपाकघराच्या दारासमोर जाऊन उभी राहिली. पुढच्या दाराने जायची वेळ कधी आलीच नव्हती.

"अहो, आज आपण गठ्ठा आणलेला नाही," मामी म्हणाल्या आणि तोंडावर हात ठेवून हसल्या. मामांना वाटलं, सुरुवात तर छान झाली.

पुढे मात्र सगळंच फसत गेलं. टेबल मिळालं ते नेमकं स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशेजारी. येणारा-जाणारा मामांच्या खुर्चीला धक्का देऊन जाई. मामींनी बसल्या बसल्या टेबलक्लॉथचा कोपरा उलटून पाहिला. रफू त्यांच्या हातचं होतं. मग कसलं जेवण आणि कसलं काय! नॅपकिनची घडी मोडायला त्यांचा जीव होईना, म्हणून तो त्यांनी बाजूला ठेवला. कोपरं अधांतरी धरून, श्वास रोखून दोघं सूप पिऊ लागली. सूप गार होतं. पाव असा, की दातांनी हार मानावी. त्यानंतर कितीतरी वेळ कुणी फिरकलंच नाही. मामा उगाच मान उंचावून बघत राहिले आणि मामी उगाच म्हणत राहिल्या की आपल्याला कुठे घाई आहे.

अखेर लाल सॉसमधला मासा आला. रंग अगदी ओळखीचा. दोघांनी एकदमच घास घेतला. मामा बायकोच्या चेहऱ्याकडे बघत थांबले.

"चव कशी आहे?"

मामींनी घास गिळला, जरा विचार केला आणि हळूच म्हणाल्या, "चवच नाही हो. नुसता रंग आहे."

खरंच होतं ते. मग मामांचं उतरलेलं तोंड पाहून मामी घाईघाईने म्हणाल्या की मासा तसा ताजा आहे, दिवे किती छान आहेत, आणि बसायला खुर्ची पण मऊ आहे. त्या समजूत घालू लागल्या तसे मामा आणखीच खचले. आज तरी हिने आपल्याला सांभाळून घ्यायचं नव्हतं. ज्या जेवणावर बोलायचं काम सोपवलं होतं, ते मुकंच निघालं.

तेवढ्यात मामींच्या दुखऱ्या बोटांतून घासासकट काटा निसटला आणि मोठा थोरला लाल ठिपका टेबलक्लॉथवर पडला. मामी ताडकन उभ्या राहिल्या. सुरीच्या बोथट कडेने त्यांनी वरचा सॉस खरवडून घेतला, कापड उचललं आणि उलट्या बाजूने ग्लासातलं पाणी लावायला लागल्या. आजूबाजूची माणसं बघत होती. मामींना त्याची शुद्ध नव्हती.

वेटर धावत आला. तो नवा होता, या दोघांना ओळखत नव्हता, पण माणूस चांगला होता.

"राहू द्या हो, बसा तुम्ही," तो म्हणाला. "आमचा एक लाँड्रीवाला आहे. कसलाही डाग असू दे, काढतो. जादू आहे म्हणतात त्याच्या हातात."

मामींनी ओलं कापड धरूनच मान खाली घातली. ओठांच्या कोपऱ्यात तेच नेहमीचं "बरं झालं" होतं. मामांनी एरवीसारखी मान डोलवली असती तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण त्यांनी ग्लासात उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"डाग तो नाही काढत," ते म्हणाले, आणि शेजारच्या टेबलावर ऐकू जाईल इतका त्यांचा आवाज मोठा झाला. "त्याची बायको काढते. सगळं दुकान तिच्या हातांवर चाललंय. त्याला नुसती इस्त्री येते."

वेटरला यातलं काय कळणार! असेल, असेल, म्हणत तो दुसऱ्या टेबलाकडे वळला.

मामी हळूहळू खाली बसल्या. कापडाचं ओलं टोक त्यांच्या हातातून सुटलं आणि त्या मामांकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

"इस्त्री मात्र फार छान करतो हो तो," मामी म्हणाल्या.