नळी लावून माहेरच्या घाटात

यंदा माहेरच्या जत्रेला जायचंच, असं मी एका सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं. आमचे हे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, माझ्या नाकातल्या नळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "डॉक्टरांना विचारू." आयुष्यभर कंपनीच्या टूलरूममध्ये काम केलेला माणूस. चारदा मोजल्याशिवाय एकदा कापणार नाही.

नव्या वाचकांसाठी माझं थोडक्यात सांगते. मी सुमन, राहायला निगडी प्राधिकरणात. कंपन्यांतल्या एकट्या राहणाऱ्या पोरांना बरीच वर्षं जेवणाचे डबे पुरवले. दोनेक वर्षांपूर्वी जिना चढताना धाप लागायला लागली. मग तपासण्यांची वरात निघाली आणि शेवटी कळलं की फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत. ती पुन्हा मऊ होणार नाहीत, आहेत तेवढी सांभाळायची. तेव्हापासून ऑक्सिजन. घरात एक मोठं मशीन घरघरत असतं आणि बाहेर जाताना खांद्याला अडकवायचं छोटं, बॅटरीवर चालणारं. त्यातून नळी नाकापर्यंत येते आणि दर श्वासाला मशीनमधून 'टक' असा आवाज येतो. सुरुवातीला लाज वाटते, मग लोकांच्या बघण्याचा राग येतो, मग दोन्हीचा कंटाळा येतो आणि आपण भाजी आणायला जातो.

माहेर चाकणच्या पुढे, भामा नदीकडे. चैत्रात जत्रा आणि जत्रेत बैलगाड्यांची शर्यत. चढावर आखलेल्या शर्यतीच्या वाटेला आमच्याकडे घाट म्हणतात. वडिलांचे बैल त्या घाटात पळायचे, आता धाकट्या भावाचे, दत्ताचे पळतात. आणि मी, त्या घरची थोरली लेक, एकदाही घाटात गेलेली नाही! आमच्या वेळी पोरींनी तिकडे फिरकायचं नसे. बैलांना पेंड आम्ही चारायची, शिंगं आम्ही रंगवायची आणि गुलालात माखून आलेल्या पुरुषांना पोळ्याही आम्हीच वाढायच्या. पुढे लग्न झालं, डबे सुरू झाले, मध्ये काही वर्षं शर्यतींवर बंदी होती. बंदी उठली तर माझीच फुप्फुसं बसली. आता बायका जातात घाटात, गॉगल लावून जातात. पुढच्या चैत्रात माझी तब्येत कशी असेल ते मला कुणी लिहून दिलेलं नाही. म्हणून यंदाच.

डॉक्टर जा म्हणाले, पण धुळीपासून लांब राहा म्हणाले. तयारीचं सांगते, कारण मेसेजमध्ये सगळे तेच विचारतात. छोट्या मशीनची जादा बॅटरी आम्ही आठवड्यासाठी भाड्यानं आणली. विकत घ्यायची तर किंमत ऐकूनच धाप लागते. गाडीत चार्ज करायची वायर घेतली. अडीनडीला एक लहान सिलिंडर मागच्या सीटला पट्ट्यानं घट्ट बांधला. मशीन उन्हात बंद गाडीत सोडायचं नाही, तापलं की रुसतं. गावाकडे वीज जाते, म्हणून दत्ताला आधीच फोन करून इन्व्हर्टरची चौकशी केली. हाच फोन पुढे भोवला, पण ते ओघात येईलच.

गुरुवारी निघालो. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे रस्ता जरा माणसात असतो. निगडीहून तळवडे, इंद्रायणीचा पूल, महाळुंगे आणि चाकण. एरवी शिफ्ट सुटायच्या वेळी याच रस्त्यावर कंटेनर आणि कंपनीच्या बसेस अशा अडकतात की नवी गाडी कारखान्यातून बाहेर पडून जुनी होईस्तोवर चाकणातच असते. माझ्यासारख्यांनी वेळ बघूनच निघावं, कारण जॅममध्ये बॅटरी उतरते आणि धूर चढतो. काचा बंद, एसी चालू.

चाकणच्या अलीकडे चहाला थांबलो. टपरीवर गॅस पेटलेला, म्हणून मी चांगली लांब, झाडाखालच्या बाकावर बसले. ऑक्सिजनजवळ जाळ नको, हा नियम घरी-दारी पाळावाच लागतो. शेजारी एक ट्रकवाले भाऊ बिडी काढत होते. ह्यांनी हात जोडून नळी दाखवली. त्यांनी बिडी परत खिशात ठेवली आणि मला विचारलं, "ताई, दुखतं का हो ते?"

"नाही हो, नाक तेवढं कोरडं पडतं."

"मग खोबऱ्याचं तेल लावा की."

"तेल नाही चालत ऑक्सिजनला. पाण्यावर बनवलेलं, बिनतेलाचं मलम मिळतं, ते लावते."

"असं व्हय," म्हणाले आणि लांब जाऊन बिडी ओढून आले. दोन वर्षांत इतका सरळ प्रश्न मला फार थोड्या जणांनी विचारलाय. त्यांचा ट्रक कांद्याचा होता, मार्केट यार्डाकडे गेला.

पुढचा रस्ता छोटा आहे पण बरा आहे. दुपारच्या आत गावात पोचलो. दारात गाडी थांबली आणि मी चाट पडले. अंगण माणसांनी भरलेलं. आत्या, चुलत्या, मामेभाऊ, ज्यांनी माझ्याशी लग्नातल्या मानपानावरून बोलणं टाकलं होतं ते मावसभाऊसुद्धा. कुणी हसत नव्हतं. पुरुष टोप्या हातात धरून उभे. जत्रेच्या दिवशी, आमच्या दारात, एवढी शांतता!

भावजय शोभा ताट घेऊन पुढे आली. माहेरवाशिणीला उंबऱ्यात ओवाळायचं, तो रिवाजच आहे. ताटात निरांजन पेटलेलं. ती माझ्या तोंडाशी आणणार, एवढ्यात आमचे हे इतक्या जोरात ओरडले, "दिवा लांब!", की ताटातली सुपारी उडाली. मी मशीन बंद केलं, मागे सरले, समजावलं. शोभा रडवेली झाली. "वन्सं, दिव्याबिगर कसं ओवाळू? अपशकुन व्हईल."

काकू, म्हणजे माझी धाकटी चुलती, पुढे झाली. "दिवा तुळशीपाशी ठेव. कुकू लाव, भाकरतुकडा ओवाळून टाक. देवाला समदं कळतं." तसंच केलं. मग काकूनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि हुंदका दिला. "लई भोगलंस गं पोरी. भेट झाली, बरं झालं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही मंडळी जत्रेला आली नव्हती. मला शेवटचं भेटायला आली होती!

मला आधी हसू आलं, मग चीड आली, आणि मग काकूकडे बघून दोन्ही ओसरली. करोनाच्या वर्षी काकूचा थोरला मुलगा ऑक्सिजनवर गेला तो परत आला नाही. तिच्या लेखी नळी लागली म्हणजे माणूस गेला. माझा इन्व्हर्टरचा फोन आला आणि गावभर झालं, आक्का ऑक्सिजनवर हाय, मशीन घेऊनच येतीय. जो तो उठून आला. कुणी माझ्या आवडीची कैरी आणली, कुणी मासवड्या. प्रेमानं आले होते, त्यांच्यावर रागावणार तरी कसं?

जेवायला बसलो. घरभर मटणाच्या रश्श्याचा वास आणि माझ्या ताटात मुगाची मऊ खिचडी. "शोभा, आजार फुप्फुसाचा आहे, दातांचा नाही," मी म्हटलं. तिनं घाबरत घाबरत वाटीभर रस्सा वाढला. पोट गच्च भरलं की धाप वाढते, म्हणून मी थोडंच खाल्लं, पण बाजरीची भाकरी कुस्करून खाल्लं.

हात धुऊन गोठ्याकडे गेले. हळूहळू, ओठांचा चंबू करून श्वास सोडत. दावणीला दोन खोंड, पांढरेशुभ्र, एखाद्या नवरदेवाला लाजवतील असे. पण शिंगांना रंग नाही, पाठीवर झूल नाही, गळ्यात घुंगूर नाही. शर्यत तासा-दोन तासांवर आणि बैल निवांत रवंथ करतायत.

"दत्ता, हे काय?"

तो खाली बघत म्हणाला, "टोकन परत दिलं मी. यंदा न्हाई पळवायचं."

टोकन म्हणजे शर्यतीतला नंबर. त्यासाठी लोक जत्रा कमिटीच्या दारात ताटकळतात.

"का?"

"आक्का, तू अशी असताना मी गुलाल उधळू? लोकं तोंडात शेण घालतील माझ्या."

मी गोठ्यातल्या बाजेवर बसले, कारण उभ्यानं भांडायला मला हवा पुरत नाही. म्हटलं, "अशी म्हणजे कशी? मी रोज स्वयंपाक करते, बागेत फिरते, ह्यांच्यावर ओरडते. नळी दोन वर्षं आहे, दोन दिवस नाही. आजार बरा होणार नाही हे मला माहितीये. पण आज मी आहे ना? लहानपणी पोरगी म्हणून घाट बघू दिला नाहीत, आता आजारी म्हणून नका बघू देऊ. मग मी माहेरी आले कशाला? खिचडी खायला?"

एवढं बोलून मला खोकला आला आणि बराच वेळ थांबेना. ह्यांनी पाणी दिलं, बोटाला ऑक्सिमीटर लावलं. आकडा खाली गेला होता, थोड्या वेळानं वर आला. दत्ता तो आकडा वर येईस्तोवर श्वास रोखून बघत होता. मग डोळे पुसले आणि म्हणाला, "धुळीत बसून मेलीस तर दाजी मला जित्ता ठेवतील का?"

"गाडीत बसते. काचा बंद करून."

तो टोपी घालून कमिटीकडे पळाला. शोभानं रंगाचा डबा काढला. एक शिंग मी रंगवलं, बसून.

घाटाच्या वरच्या अंगाला, वारा आमच्याकडून घाटाकडे जाईल अशा शेतात आमची गाडी लावली. काचा बंद, एसीची हवा आतल्या आत फिरती, बॅटरी वायरीला. खाली माणसांचा समुद्र, भोंगे, भंडारा, धूळ. गाड्यामागून गाडे सुटत होते. निशाण पडलं की 'भिर्रर्र' असा पुकारा आणि पुढे बैलांना वाट दाखवत घोडी पळवणारा घोडीवाला, मागे बैल. बंद काचेतूनही तो आवाज छातीत येत होता. टोकन परत दिल्यामुळे दत्ताला शेवटची बारी मिळाली. उन्हं उतरली तेव्हा कुठे भोंग्यावर पुकारा झाला.

"आता येतोय दत्ताशेठचा गाडा! कैलासवासी सुमनबाई यांच्या स्मरणार्थ!"

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं गाडा पळवायची पद्धत आहे. दत्तानं कमिटीत नुसतं सांगितलं होतं, आक्काच्या नावानं पळवतोय. आक्का ऑक्सिजनवर असल्याचं पुकारणाऱ्यानं गावात ऐकलेलंच होतं. पुढचं वाक्य त्याच्या तोंडात सवयीनं बसलेलं.

आमचे हे पांढरेफटक पडले. मी त्यांच्या अंगावरून हात लांब केला आणि गाडीचा हॉर्न दाबला. दाबूनच धरला. घाटातली माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी पळत पुकारणाऱ्याच्या मांडवाकडे गेलं. भोंगा खरखरला.

"दुरुस्ती! दुरुस्ती! सुमनबाई हयात हायेत, मंडळी! खुद्द घाटात हायेत! पांढऱ्या गाडीत बसल्यात! माफी असावी, ताई!"

शिट्ट्या, टाळ्या, टोप्या हवेत. काकू बायकांमध्ये बसली होती, ती पदर तोंडाला लावून हसत होती, दुपारपासून पहिल्यांदाच. मी काचेतून हात हलवला. आणि मग निशाण पडलं.

काही क्षणांचाच खेळ असतो तो. पांढरे बैल माझ्याकडेच येतायत असं वाटलं, माना खाली, खूर जमिनीला टेकतायत की नाही कळेना. मी रंगवलेलं शिंग मला दिसलं. मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही, पण मशीन टकटक करत माझ्या मागे धावत होतं एवढं आठवतं. मला रडू आलं. एवढ्या वर्षांत घरातल्या पुरुषांनी हे एकट्यांनीच बघितलं होतं, याचा रागही आला आणि बघायला मिळालं याचा आनंदही झाला. नंबर तिसरा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रस्त्यानं परत आलो. निघताना काकूनं आशीर्वाद दिला, पण पुढच्या जत्रेला ये असं काही ती म्हणाली नाही. तिची भीती एका हॉर्ननं कशी जाईल?

घरी आल्यावर दोन दिवस झोपून काढले. डॉक्टर थोडे रागावले, छाती तपासली, ठीक आहे म्हणाले. तुम्ही विचाराल, जावं का? डॉक्टर हो म्हणत असतील तर जावं. सोबत मोजून कापणारा माणूस असावा आणि आपल्या आजाराबद्दल आपणच आधी नीट सांगावं. अर्धवट फोन करू नये.

आज दुपारी दत्ताचा फोन आला. गेली दोन वर्षं तो माझ्याशी देवळात बोलल्यासारखा हळू आवाजात बोलायचा. कशी आहेस, जेवलीस का, जप. आज तापलेलाच होता. "हॉर्न कशाला वाजवायचा गं एवढा? बैल बुजले माझे! पैल्या नंबरात हुतो मी!"

"मग कैलासवासी ऐकून हार घालून घेऊ का?"

"हात हलवायचा की! तुला ना, ल्हानपणापासून कुठं गप बसावं कळतच न्हाई!"

"आणि तुला नीट नाव सांगता येत नाही! चूक तुझी!"

"माझी? व्हय का?" म्हणून त्यानं फोन आपटला.

मला चांगलीच धाप लागली होती. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं, मशीन एक आकडा वर केलं, घोटभर पाणी प्यायले, श्वास जागेवर येऊ दिला. मग दत्ताला परत फोन लावला. माझं भांडून झालं नव्हतं.