मॉरिशसचा सूर्यास्त आणि मोरीतलं ताट

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी फुरफुरत उभी होती, विमान आमच्यासाठी थांबणार नव्हतं, आणि सुनंदा पुन्हा जिना चढत होती. आधी गॅस बघून आली. मग देवघरातला दिवा. आता गच्चीच्या दाराला तार गुंडाळायला गेली होती, कारण त्या दाराची कडी मोडली आहे आणि ती मी लवकरच बसवणार असल्याचं गेल्या दिवाळीपासून जाहीर करत आलो आहे. औरंगपुऱ्यात माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. गावभरचे पंखे मी फिरते करतो. घरातली कडी म्हटलं की माझे हात दुखतात.

खाली सलीमभाईंनी शटर अर्धं वर केलं होतं. आमच्या इमारतीत वर आम्ही आणि खाली त्यांचं शेरवान्या शिवायचं दुकान, अशी आमच्या वडिलांपासूनची वाटणी. इतक्या पहाटे ते एक पत्र्याची पेटी मागच्या खोलीत ढकलत होते.

"काय लपवताय, सलीमभाई?"

"नसरीन की ओढणी है, भाईजान. घर में मेहमान, बच्चे, सबके तेल के हाथ. इधर मेहफूज रहेगी."

नसरीन म्हणजे त्यांची धाकटी. आम्ही परत आलो की त्याच आठवड्यात तिचा निकाह होता. तिच्या ओढणीवरचं सगळं जरीकाम सलीमभाई स्वतः, गिऱ्हाइकांची शिलाई आटोपल्यावर, रोज थोडं थोडं करत होते. गल्लीत कुणालाच ती अजून बघायला मिळाली नव्हती.

"दाखवा की जरा."

"नक्को. निकाह के दिन देखना. आप की नजर बहुत तेज है."

"माझी नजर चष्म्यातून गाळून येते," मी म्हटलं. ते हसले, पण पेटीला कुलूप लावलंच. आमच्या घराची जादा किल्ली नेहमीप्रमाणे त्यांच्या हातात ठेवली आणि आम्ही निघालो. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पुण्याच्या लेकीनं मॉरिशसची तिकिटं पाठवली होती. तिकिटांबरोबर सूचनाही होती: बाबा, तिथं कुणाशी भाव करू नका.

दिवस मुंबईत गेला, मग तिथून विमानानं रात्र गिळली आणि आम्हाला उसाच्या शेतांत उतरवलं. समुद्र बघायला आलो तर चहूकडे ऊस. सुनंदा म्हणाली, "ऊसच बघायचा तर आपल्या कन्नड तालुक्यात गेलो असतो तरी चाललं असतं." मग एका वळणावर उसाच्या मागून निळं पाणी वर आलं आणि ती गप्प झाली. पंचवीस वर्षांत मला जे जमलं नव्हतं, ते हिंदी महासागरानं पहिल्या तासात केलं.

बाजारात एका गाडीवर 'डोल-पुरी' (चण्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी) मिळाली. मी ती थेट पुरणपोळी समजून डोळे मिटून मोठा घास घेतला आणि डोळे उघडले ते मिरचीच्या चटणीनं. विकणारी बाई हसून म्हणाली, "पिमां" (मिरची). मी म्हटलं, कळलं बाई, भाषांतराची गरज नाही.

हॉटेलात मात्र आमचं गाव आमच्या आधी पोचलं होतं. मी चपला काढेपर्यंत सुनंदानं न्हाणीघरातला टब काठोकाठ भरून ठेवला होता. शेजारी कचऱ्याची टोपली धुऊन, तीही भरलेली.

"अगं, इथं नळाला चोवीस तास पाणी आहे."

"असू दे. भरलेलं बरं."

हे बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. कधी चौथ्या दिवशी येतं, कधी आठव्या, आणि येतं ते कुणाला विचारून येत नाही. म्हणून आमच्या गल्लीत घरोघरी एक रिवाज आहे. नळ उघडा ठेवायचा आणि खाली मोरीत स्टीलचं ताट उलटं घालायचं. पाणी आलं की ताट ताशासारखं वाजतं, घर उठतं, मोटार लागते, भांडी भरतात. स्वयंपाकघरातून शेवटचं बाहेर पडणाऱ्यानं नळ उघडून ताट घालायचं, हे इतकं अंगात मुरलेलं आहे की ते हात करतात. डोक्याला खबर नसते.

हे ताट लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सूर्यास्त बघायला कॅटामरान ठरली होती. कॅटामरान म्हणजे दोन होड्यांवर मिळून एक बोट बसवलेली, मधे ऐसपैस ओटा, पुढं दोन होड्यांच्या मधे ताणलेली दोरीची जाळी. त्या जाळीवर लोक उताणे पडतात आणि खालून समुद्र पळतो. मी ऐटीत जाळीवर पाय ठेवला आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. एका गोऱ्या आजोबांनी आणि बोटीवरच्या एका दणकट माणसानं मला दोन्ही काखांत धरून उपटलं.

"हळू, तोंतों," तो दणकट माणूस चक्क मराठीत म्हणाला. तोंतों म्हणजे काका.

त्याचं नाव राजेश. त्याचे पणजोबा रत्नागिरीहून ऊस तोडायला आले होते. घरात तो तिथली क्रेओल बोली बोलतो. मराठी त्याच्याकडे गणपतीच्या आरत्यांतून आणि आजीच्या ओरडण्यातून आलेली आहे, त्यामुळं तो साधं काही विचारतो तेही खडसावल्यासारखं वाटतं. "बस. पी. हा आल्याचा रस. सांडू नको." मला माझ्या शाळेची आठवण झाली.

बोट किनाऱ्यापासून सुटली. शिडं फुगली. ल मॉर्न नावाचा मोठा काळा डोंगर आमच्याबरोबर कडेकडेनं चालू लागला. मी माझ्या आयुष्यातला सर्वांत देखणा चेहरा करून सुनंदाला म्हटलं, "काढ फोटो." तिनं फोन वर धरला आणि तेवढ्यात तो वाजला. गल्लीच्या ग्रुपवर निरोप होता: पाणी आलंय, आज लई जोरात हाय, मोटारी लावा.

"बघा, आपण नाही तर पाणी जोरात," मी म्हटलं.

सुनंदा हसली नाही. तिनं हवेत उजव्या हातानं काहीतरी फिरवलं, मग काहीतरी उलटं करून खाली ठेवलं. पुन्हा तेच केलं. मला वाटलं, बोट लागली.

"अहो, मी तार गुंडाळून खाली उतरताना स्वयंपाकघरातनं गेले."

"मग?"

"मी ताट घातलं."

पुढचं तिला बोलावं लागलं नाही. नळ उघडा. ताट उलटं, आणि ते बरोबर मोरीच्या भोकावर बसतं. पाणी जाणार कुठं? ओट्याखालून फरशीवर, फरशीतून खाली. मागं एकदा आमची मोरी तुंबली तेव्हा सलीमभाईंच्या मागच्या खोलीच्या छतावर अख्ख्या भारताचा नकाशा उमटला होता, आणि श्रीलंका खाली टपकत होती. त्या नकाशाखालीच आता पत्र्याची पेटी होती. पेटीला झाकण असतं, पण त्याला फट असते. जरीला पाणी लागलं की ती काळी पडते. आठवड्यावर आलेल्या निकाहाआधी पुन्हा तेवढं काम कुणाच्या हातून होणार?

"सलीमभाईंना लावा," सुनंदा म्हणाली.

"ते आज पिशोरला जाणार होते आमंत्रणं द्यायला. दोन तासांचा रस्ता. किल्ली त्यांच्या खिशात. काय सांगू, तुमच्या मुलीची ओढणी भिजतेय, तुम्ही जेवून या?"

"मग कोण?"

आम्हा दोघांनाही माहीत होतं कोण. आमच्या गच्चीला गच्ची लागून असलेल्या मालनवहिनी. मधे कमरेएवढी भिंत, अलीकडे आमचं तारेनं बांधलेलं दार. पण मालनवहिनींशी सुनंदाचं बोलणं बंद होतं. त्यांनी नळाला थेट मोटार लावली की आमच्या नळाला नुसती हवा येते, असं सुनंदानं भर गल्लीत सांगितलं होतं. त्यावर वहिनी म्हणाल्या होत्या की हवा तुमच्या नळाला नाय, तुमच्या डोक्यात गेलीया. तेव्हापासून दोघी एकमेकींच्या पापडांकडेही बघत नव्हत्या.

माझ्या फोनवर रेंज एक काडी येई आणि जाई. राजेशनं विचारलं, "काय झालं? का नाचतोस?" मी सांगितलं. त्याला सगळं कळलं असं नाही, पण "घरात पाणी, शेजारीण, भांडण" एवढ्यावर त्यानं गंभीरपणे मान हलवली. बहुधा हे तिन्ही शब्द त्याच्या आजीकडून आले असावेत. त्यानं आपला फोन सुनंदाच्या हातात दिला. "बोल. रडू नको."

सुनंदानं नंबर लावला. स्पीकरवर वहिनींचा आवाज आला, मागं त्यांच्या मोटारीचा घरघराट.

"कोण हाय?"

"मालनवहिनी, मी सुनंदा. मॉरिशसहून बोलते."

"व्हय का? मी लंडनहून. चला, ठेवा फोन. आमच्या खात्यात काय नाय."

फोन कट. सुनंदानं पुन्हा लावला.

"वहिनी, खरंच मी आहे. शेजारची."

"शेजारची बोलत नाय माझ्याशी. तिचा आवाज काढून लुटायला निघालात? लई हुशार झालेत चोर."

"वहिनी, ऐका, मोरीत ताट..."

एवढ्यात बोट ल मॉर्नच्या आडोशाला गेली आणि महासागर, डोंगर आणि मालनवहिनी सगळेच गप्प झाले.

यानंतरचं मी सविस्तर सांगतो, कारण या सहलीतला सर्वांत प्रेक्षणीय भाग हाच आहे, फक्त प्रेक्षक मी नव्हतो. रेंज किनाऱ्याकडून येणार, म्हणून मी किनाऱ्याकडे तोंड करून फोन डोक्यावर धरला. एक काडी. एक पाऊल डावीकडे, काडी गेली. उजवीकडे, आली. टाचा उंचावल्या, दोन झाल्या. मागं राजेशच्या मंडळींनी 'रावान' (मोठ्या चाळणीएवढा चामड्याचा डफ) काढला आणि 'सेगा' (तिथला नाच) सुरू केला. मला कळलंच नाही की ताल माझ्या पावलांशी जुळलाय. मागं बघतो तो गोरे आजोबा, त्यांची बायको, जाळीवरचे सगळे, एक हात वर करून टाचा उंचावत माझ्यामागं डावी-उजवी करत होते. मी भारतातून आणलेला हा नाच त्यांना फारच आवडला. आजोबांनी तर विचारलं, याला काय म्हणतात? मी सांगितलं, पाणीपुरवठा.

सुनंदा मात्र कठड्याला धरून उभी होती. मी तिच्याजवळ गेलो.

"सलीमभाईंनी वर्षभर सुई घातलीया त्या ओढणीत," ती म्हणाली. घाबरली की ती तिच्या माहेरच्या बोलीत जाते. "आणि मी एका ताटानं..."

"अगं, पेटीला झाकण आहे."

"तुम्ही काय बी सांगता."

तिचं बरोबर होतं. मी काहीही सांगत होतो. मी पुन्हा फोन वर धरला. माझ्या मागं लोकांनी एकदम "ओऽऽ" केलं. कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला वळवू पाहिलं. मी वळलो नाही, कारण त्याच क्षणी तीन काड्या आल्या होत्या आणि फोन खणखणत होता.

मालनवहिनी.

"अहो भाऊजी, कुठं हाय तुमी? तुमच्या घरात ताट वाजतंय केव्हापासनं. म्या म्हणलं, आता थांबंल, मग थांबंल. आमच्या गल्लीत ताट इतका वेळ कुणी वाजू देतं का? मेलंय का कोण म्हणून बघायला गच्चीवरनं आले. दाराला नुसती तार. कडी का बसवत नाय तुमी?"

"वहिनी, खाली, खाली काही..."

"उंबऱ्यापतूर आलतं पाणी. फरशी सगळी पुसली म्या. खाली शटरच्या फटीतनं दिवा मारून बघितला, पार मागच्या खोलीपतूर कोरडं हाय. आन् ऐका, तुमचं पाणी वाया नाय घालवलं. नळाला पाइप लावून आमचे दोन्ही ड्रम भरून घेतले. तुमच्या नळाला धार लई झकास हाय. हवा-बिवा काय नाय."

मी फोन सुनंदाकडे दिला. ती बराच वेळ नुसतं "हो वहिनी, हो वहिनी" म्हणत होती. शेवटी म्हणाली, "तुम्हाला काय आणू इथनं?" आणि तिकडून उत्तर आलं, "आधी सांग, मघाशी खरंच तूच होतीस?"

मी वळलो तेव्हा सूर्य बुडाला होता. समुद्र राखाडी, लोक शाली घेत होते. ज्यासाठी लेकीनं आम्हाला अर्धा महासागर ओलांडून पाठवलं, ते माझ्या पाठीमागं घडून गेलं होतं. राजेश म्हणाला, "तू बघितलं नाही? मूर्ख." त्याच्या मराठीत यापेक्षा सौम्य शब्द नसावा. नंतर गोऱ्या आजोबांनी फोटो पाठवले. प्रत्येकात सोन्यासारखं आकाश आहे आणि मधोमध सूर्याकडे पाठ केलेला मी, हात वर.

परतल्यावर गल्लीत जो तो विचारी, सूर्यास्त कसा होता? मी वर्णन करत असे. हातवारे करून, आवाज उतरवून, रंगांची नावं घेऊन. दुकानात तर गिऱ्हाईक पंखा विसरून ऐकत बसे. सुनंदा तेवढ्यात चहा टाकायला जाई. ताटाचं मात्र आम्ही परतल्या दिवशीच सलीमभाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, आत जाऊन पेटीवरून हात फिरवला आणि बाहेर येऊन म्हणाले, "मालनआपा की दावत पक्की." अशी मालनवहिनींना निकाहाची सर्वांत पहिली खुर्ची मिळाली, आणि तिच्याशेजारची सुनंदाला. दोघी सुनंदानं वहिनींसाठी आणलेल्या मॉरिशसच्या चहाविषयी भांडत होत्या.

नसरीन बाहेर आली तेव्हा मंडपातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. ओढणी कडेला गडद शेंदरी होती, वर येता येता केशरी, मग मधाळ, आणि डोक्यावर जरीचं काम इतकं दाट की दिव्यात ते हलत असल्यासारखं वाटत होतं. सलीमभाई लांब उभे राहून तिच्याकडे न बघता आमच्या तोंडांकडे बघत होते. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

सुनंदा माझ्याकडे झुकली.

"नीट बघून घ्या," ती म्हणाली. "तिथं असाच होता. खालून वर, अगदी हाच रंग."

"तू बघितलास?"

"तुम्ही फोन दिलात ना, तेव्हा सूर्याची शेवटची कड राहिली होती. वहिनींशी बोलता बोलता बघितली."

मी बघत राहिलो. आता कुणी विचारलं तर मी सूर्यास्ताचं वर्णन करत नाही. सलीमभाईंच्या दुकानाकडे बोट दाखवतो. आणि गच्चीच्या दाराला अजून तारच आहे. कडी मी बसवणार होतो, पण मालनवहिनी नको म्हणाल्या.