सुईणबाईंच्या गाडीचा आर्म

फिनलंडमधल्या एका गावात ओइवा नावाच्या माणसाला मोटारींच्या रॅलीचा, म्हणजे शर्यतीचा, मेकॅनिक म्हणून मोठा मान होता, आणि तोच मान त्याला पंचवीस वर्षं खात होता.

त्याचं असं झालं. बासष्ट सालच्या ऑगस्टात, खडीच्या रस्त्यावर, ओइवाच्या संघाच्या रॅलीच्या गाडीचा स्टिअरिंगचा आर्म, म्हणजे चाकं वळवणारा दांडा, मोडला. जवळचे सुटे आर्म संपलेले. रॅलीची गाडी म्हणजे तरी काय, बाजारातलीच! पत्रा जादा वेल्ड केलेला, इंजिन चढवलेलं. बाकी खालचं सामान शेजाऱ्याच्या गाडीत असतं तेच. तशीच एक गाडी कडेला उभी होती, गावच्या सुईणबाई लेम्पींची. तेव्हा रिवाजच होता, बघ्यांच्या गाडीचा भाग काढून घ्यायचा. लोकही हौसेनं द्यायचे.

"काढ रे," लेम्पी म्हणाल्या. "पण मला घरी पोचता आलं पाहिजे हं. पोरं माझ्यासाठी थांबत नाहीत जन्माला यायची!"

"खुशाल जा, सुईणबाई!" म्हणत ओइवानं मोडका आर्म घाईघाईत वेल्ड करून त्यांच्या गाडीला बसवला. घडीव लोखंडाला असला जोड टिकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. 'नवा आणून देतो, तोवर चालवू नका,' एवढं सांगायला काय जात होतं मेल्याचं? पण रॅलीचा पुढचा टप्पा सुटायची वेळ झाली होती.

रॅलीत ओइवाच्या संघाची गाडी जिंकली. लेम्पींची चौथ्या दिवशी चरात गेली आणि त्यांचा पाय मोडला. बाईला वळण जमलं नाही, असं सगळे म्हणाले. त्याही तेच म्हणाल्या. गाडी उचलायला गेला ओइवाच. तुटलेला जोड त्यानं पाहिला, आर्म काढून खिशात घातला आणि तोंड शिवून बसला. गावानं त्यांचं नाव पाडलं, 'चरातली सुईण'. त्यांनी पुन्हा गाडीला हात लावला नाही.

यंदा ती जुनी रॅलीची गाडी नीटनेटकी होऊन गावात आली. सोहळ्याला लेम्पींनाही बोलावलं होतं. मंडपामागे कॉफी घेताना त्या म्हणाल्या, "तू दिलेला आर्म मी वाया घालवला रे, ओइवा. माझे हातच वाईट."

ओइवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुमचे नाही, माझे," तो म्हणाला, आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

लेम्पींनी वेलचीचा पाव बशीत ठेवला. "निवृत्त होईपर्यंत मी बाळंतपणांना सायकलनं गेले. बर्फात घसरगाडी ढकलत, ह्या लंगड्या पायानं. पाय मोडला त्याच हिवाळ्यात आपल्या गावातल्या सायमीच्या बाळंतपणाला पोचायला उशीर झाला. तिचं बाळ गेलं. ते मी आजवर माझ्या माथी घेतलंय."

"मला माफ..."

"माझ्याशी काय बोलतोस? बाहेर जा आणि सगळ्यांना सांग."

तो मंडपात गेला आणि त्यानं माईक हातात घेतला. लोक टाळ्या वाजवायला लागले. सायमी पुढच्याच रांगेत उभी होती आणि तीही टाळ्या वाजवत होती. ओइवानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं, आणि तिच्याकडे बघून बोलायला सुरुवात केली.