न काढलेली नावं

पेडगावच्या सायकल गटाचा प्रमुख रामहरी. गटाच्या मोबाइल ॲपचा नियम होता, सगळे जमल्याशिवाय निघू नका अन् जो येत नाही त्याचं नाव काढा. दसरा झाला, एकेक गडी ऊसतोडीला गेला. रविवारी फाट्यावर रामहरी एकटाच उभा.

"नावं काढ की," माय दगडाबाई म्हणाली.

तो खवळला. "माणूस गावाला गेल्यावर लगेच घर झाडतेत का, माय?"

पुढं त्यालाही ऊसतोडीच्या टोळीत जावं लागलं. प्रमुखपद सोडायला गेला तर ॲप म्हणालं, आधी जबाबदारी दुसऱ्याकडं सोपवा. यादीतलं कुणीच गावात नव्हतं. तो तसाच ट्रॅक्टरमध्ये चढला.

दगडाबाईनं केरसुणी उचलली अन् परत ठेवली. अंगणात सायकलच्या चाकाची रेघ तेवढी उरली होती.